सस्पेंड व रिझ्यूममधील दोषशोधन

सस्पेंड व रिझ्यूममधील दोषशोधन म्हणजे संगणक किंवा संगणकाधारित यंत्रणा झोपेत जाताना अथवा झोपेतून जागी होताना तिच्या संचालन प्रणालीच्या कर्नेलमध्ये उद्भवणाऱ्या बिघाडांचे मूळ शोधून ते दूर करण्याची पद्धती होय. लॅपटॉप, भ्रमणध्वनी, मोटारगाडीतील पडदा, वाहनाचा माग ठेवणारे उपकरण अशा बॅटरीवर चालणाऱ्या जवळजवळ सर्व यंत्रणांना ही क्रिया दिवसातून अनेकदा करावी लागते. ती फसल्यास पडदा काळा राहणे, न साठवलेले काम नष्ट होणे, बॅटरी पूर्ण उतरणे किंवा उभे वाहन चालूच न होणे असे परिणाम संभवतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने लिनक्स कर्नेलचा विचार केला असून, पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहननिर्मितीच्या पट्ट्यात या विषयाला असलेले महत्त्वही सांगितले आहे.

संज्ञा

‘सस्पेंड’ या शब्दासाठी ‘निलंबन’ हा प्रतिशब्द काही ठिकाणी वापरला जातो; परंतु मराठीत त्या शब्दाला सेवेतून तात्पुरते दूर करण्याचा अर्थ दृढपणे चिकटलेला आहे. म्हणून या लेखात सस्पेंडसाठी ‘निद्रा’ व रिझ्यूमसाठी ‘जागृती’ असे शब्द योजले आहेत. कर्नेल म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा. स्मृती, प्रोसेसर व सर्व उपकरणे यांच्यावर त्याचे नियंत्रण असते. एखादे उपकरण चालवण्याची रीत ज्या आज्ञावलीत लिहिलेली असते, तिला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात.

पार्श्वभूमी

१९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ ही वीजव्यवस्थापनाची पद्धत मांडली. तीत झोपेचा बराचसा कारभार बायोसच्या हाती होता. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार निर्णयाचा अधिकार संचालन प्रणालीकडे आला. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. प्रत्येक उपकरणाची अवस्था जपून ठेवणे व ती पुन्हा उभी करणे हे कर्नेलचे आणि त्यातील शेकडो ड्रायव्हरांचे काम झाले.

लिनक्समध्ये स्मृतीचे चित्र डिस्कवर उतरवून ठेवण्याची सोय २.५ या विकासमालिकेत दाखल झाली. पावेल माखेक यांचे नाव या कामाशी निगडित आहे. पुढे राफाएल विसोकी यांनी वीजव्यवस्थापनाच्या उपप्रणालीची देखभाल सांभाळली. अँड्रॉइडमुळे ‘काम संपले की आपोआप झोपणे’ ही कल्पना पुढे आली आणि दीर्घ मतभेदांनंतर तिला अनुरूप अशी सोय लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत (२०१२) समाविष्ट झाली.

निद्रेचे प्रकार

लिनक्समध्ये निद्रेचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

१. निष्क्रिय निद्रा: सर्व प्रक्रिया गोठवल्या जातात, उपकरणे थांबवली जातात व प्रोसेसर त्यांच्या सर्वांत खोल विश्रांतीत जातात, मात्र फर्मवेअरकडे ताबा दिला जात नाही. हा प्रकार ३.९ या आवृत्तीपासून (२०१३) उपलब्ध आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत हीच निद्रा प्रमुख असते.

२. स्मृतीनिद्रा: केवळ मुख्य स्मृतीला वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सर्व भाग बंद होतात. एसीपीआयमध्ये हिला ‘एस-३’ अवस्था म्हणतात. वीज पूर्ण गेली तर स्मृतीतील सर्व काही पुसले जाते. यूपीएस नसलेल्या मेजावरील संगणकासाठी म्हणूनच ही निद्रा निर्धोक नसते.

३. शीतनिद्रा: स्मृतीचे चित्र डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद केले जाते. हिला ‘हायबरनेशन’ किंवा ‘एस-४’ म्हणतात. जागे होण्यास वेळ अधिक लागतो. पण वीज गेल्याने काही बिघडत नाही.

झोपेची वाट

दोष शोधण्यापूर्वी क्रियेचा क्रम नीट ठाऊक असणे आवश्यक असते. स्मृतीनिद्रेत तो पुढीलप्रमाणे असतो.

प्रथम डिस्कवर लिहावयाचे राहिलेले सर्व लिहून घेतले जाते. नंतर वापरकर्त्याच्या प्रक्रिया व त्यापाठोपाठ कर्नेलचे गोठवता येण्याजोगे अंतर्गत धागे गोठवले जातात. यासाठी सामान्यतः २० सेकंदांची मुदत असते. एखादी प्रक्रिया दाद देत नसल्यास कर्नेल झोपेचा बेत रद्द करतो व तिचे नाव नोंदवहीत लिहितो.

त्यानंतर उपकरणांची पाळी येते. प्रत्येक ड्रायव्हरला चार टप्प्यांत हाक दिली जाते: तयारी, थांबणे, उशिराचे थांबणे आणि इंटरप्ट बंद झाल्यानंतरचे थांबणे. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. अपत्य उपकरण आधी झोपते व जनक उपकरण नंतर. जागे होताना हाच क्रम उलटा असतो. यूएसबी पेनड्राइव्ह झोपण्याआधीच तो ज्या नियंत्रकाला जोडला आहे तो नियंत्रक झोपला, तर पेनड्राइव्हला शेवटचा निरोप पोचवणार कोण?

उपकरणांनंतर पहिला सोडून बाकीचे प्रोसेसर बंद केले जातात, उरलेल्या एकावरचे इंटरप्ट थांबवले जातात, घड्याळासारखे मूलभूत घटक थांबतात आणि अखेर ताबा फर्मवेअरकडे जातो. जागृती याच पायऱ्या उलट्या दिशेने चढत येते.

दोषांचे वर्गीकरण

अनुभवाने या बिघाडांचे पाच गट पडतात.

१. झोप नाकारली जाणे. एखादा ड्रायव्हर ‘मी कामात आहे’ असा संकेत परत करतो व सारा बेत मोडतो. हा सर्वांत सोपा प्रकार होय, कारण यंत्र जिवंत असते व नोंदवही वाचता येते.

२. झोपेत जातानाच अडकणे. पडदा बंद होतो, पंखा मात्र फिरत राहतो.

३. जागे न होणे. दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. येथे पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की यंत्र खरोखर मेले आहे की केवळ पडदा मेला आहे? कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर बदलत असेल, किंवा जाळ्यावरून यंत्राशी संपर्क होत असेल, तर दोष बहुधा दृश्यपटलाच्या ड्रायव्हरमध्ये असतो.

४. अर्धवट जागृती. यंत्र उठते, परंतु ध्वनी, वायफाय किंवा स्पर्शपटल काम करत नाही. संबंधित ड्रायव्हरने आपल्या उपकरणाच्या नोंदी परत भरलेल्या नसतात.

५. अवेळी जागृती किंवा उथळ झोप. यंत्र पिशवीत आपोआप जागे होते, किंवा झोपल्यासारखे दिसते पण बॅटरी उतरतच राहते.

शोधातील मुख्य अडचण

सामान्य दोषात संगणक आपल्या चुकीची नोंद स्वतः ठेवतो. येथे मात्र नोंद ठेवणारी साधनेच आधी झोपवलेली असतात. संदेश दाखवणारा कन्सोल उपकरणांच्या आधी थांबवला जातो. डिस्क झोपलेली असल्याने नोंदवहीत लिहिता येत नाही. जाळे बंद असते. वापरकर्त्याने बळजबरीने वीज तोडून यंत्र पुन्हा सुरू केले की स्मृतीतील पुरावाही नाहीसा होतो. या विषयातील बहुतेक साधने हा पुरावा कोठेतरी टिकवून ठेवण्यासाठीच निर्माण झाली आहेत.

साधने व पद्धती

टप्प्याटप्प्याने चाचणी. लिनक्समध्ये ‘पीएम_टेस्ट’ नावाची सोय आहे. तिच्यात ‘फ्रीझर’, ‘डिव्हाइसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ व ‘कोअर’ या पाच पायऱ्या आहेत. निवडलेल्या पायरीपर्यंत कर्नेल झोपेची वाट चालतो, साधारण ५ सेकंद थांबतो आणि खरी झोप न घेताच परत फिरतो. ‘फ्रीझर’ यशस्वी झाली व ‘डिव्हाइसेस’ फसली, तर दोष उपकरणांच्या टप्प्यात आहे हे निश्चित होते. पाचही पायऱ्या सुखरूप पार पडूनही खरी झोप फसत असेल, तर संशय फर्मवेअरवर अथवा फर्मवेअरकडून ताबा परत मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही सूचनांवर जातो.

संदेश चालू ठेवणे. ‘नो_कन्सोल_सस्पेंड’ हा पर्याय यंत्र सुरू करताना दिल्यास कन्सोल शेवटपर्यंत जागा राहतो. सिरियल केबल जोडलेल्या यंत्रावर याचा विशेष उपयोग होतो. ‘इनिटकॉल_डीबग’ या पर्यायाने प्रत्येक उपकरणाला लागलेला वेळ संदेशांत उमटतो. शेवटचा संदेश ज्या उपकरणाचा, तेथून तपासाला आरंभ करता येतो.

समांतर क्रिया थांबवणे. वेळ वाचवण्यासाठी कर्नेल अनेक उपकरणे एकाच वेळी झोपवतो. अशा वेळी शेवटचा संदेश दिशाभूल करू शकतो. ‘पीएम_असिंक’ ही सोय बंद केल्यास उपकरणे एकामागून एक झोपतात. तसे केल्यावर दोष नाहीसा झाला, तर दोन उपकरणांतील परस्परावलंबन कर्नेलला सांगितले गेलेले नाही, असा निष्कर्ष संभवतो.

घड्याळात दडवलेला पुरावा. २००६ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ‘पीएम_ट्रेस’ ही युक्ती लिनक्समध्ये आणली. वीज तोडून यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही ज्याची किंमत टिकते असा विश्वसनीय घटक म्हणजे मदरबोर्डवरील घड्याळ, हे त्यांनी हेरले. कर्नेल प्रत्येक पावलावर आपला ठावठिकाणा या घड्याळात तारीख-वेळेच्या रूपाने लिहितो. वर्षाच्या १००, महिन्याच्या १२, दिवसाच्या २८, तासाच्या २४ व मिनिटांच्या २० किमती धरल्या, तर एकूण १,६१,२८,००० निरनिराळ्या संख्या मिळतात. एवढ्याशा जागेत नावे मावत नाहीत. म्हणून फाइल व ओळ यांसाठी एक आणि उपकरणासाठी एक अशा संक्षिप्त संख्या साठवल्या जातात. पुन्हा सुरू झाल्यावर कर्नेल त्या संख्यांशी जुळणारे उपकरण शोधून त्याचे नाव सांगतो. मिनिटे तीन-तीनच्या गटांत मोजली जात असल्याने यंत्र सुमारे ३ मिनिटांच्या आत पुन्हा सुरू व्हावे लागते. दोन उपकरणांची संक्षिप्त संख्या क्वचित एकच असू शकते, आणि चाचणीनंतर घड्याळ अर्थातच चुकीची तारीख दाखवते. ते दुरुस्त करून घ्यावे लागते.

जागृतीचे कारण शोधणे. अवेळी जागृतीसाठी कर्नेल ‘जागृतीस्रोतां’ची यादी ठेवतो. कोणत्या इंटरप्टने झोप मोडली व कोणत्या स्रोताने किती वेळ झोप रोखून धरली, हे तीवरून कळते. झाकण, माउस, जाळ्याचे कार्ड व घड्याळ हे नेहमीचे संशयित होत.

दोन आवृत्त्यांमधील शोध. जुन्या आवृत्तीत झोप नीट होती व नव्यात बिघडली, अशी स्थिती असल्यास मधल्या बदलांची संख्या निम्म्याने घटवत जाण्याची ‘गिट बायसेक्ट’ ही पद्धत उपयोगी पडते. १,००० बदलांतून दोषी बदल शोधण्यास साधारण १० चाचण्या पुरतात.

किती वेळा तपासावे?

या दोषांचा सर्वांत त्रासदायक गुण म्हणजे ते दर वेळी प्रकट होत नाहीत. समजा एखादा दोष सरासरी ५०० झोपांत एकदा येतो. दहा वेळा झोपवून उठवल्यास तो न दिसण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के असते. म्हणजे ‘दहा वेळा करून पाहिले, ठीक आहे’ या विधानाला येथे फारसा अर्थ नाही. तो दोष न दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यासाठी सुमारे १,५०० निर्दोष आवर्तने करावी लागतात. एका आवर्तनाला एक मिनिट धरल्यास हे २५ तासांचे काम होते. यासाठी ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा वापरली जाते. ती यंत्राला झोपवते व घड्याळात गजर लावून ठरावीक सेकंदांनी उठवते. दुरुस्ती केल्यानंतरही तितकीच आवर्तने करणे आवश्यक असते. अन्यथा दोष गेला की केवळ दडून बसला, हे ठरवता येत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील महत्त्व

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर या परिसरात उद्योगांचा विस्तार वेगाने झाला. आकुर्डीत बजाज ऑटो व पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांच्यामुळे तो वाहननगरी म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे खेड तालुक्यातील चाकण भागात फोक्सवॅगन (२००९), मर्सिडीज-बेंझ (२००९) व महिंद्रा यांचे कारखाने आले. लगतच्या हिंजवडीत वाहनांसाठीच्या सॉफ्टवेअरचे काम चालते. केपीआयटी या कंपनीचे मुख्यालय तेथेच आहे. वाहनांची चाचणी व प्रमाणीकरण करणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यात कार्यरत आहे.

पूर्वीच्या वाहनात किल्ली फिरवली की वीज तोडली जाई. आजच्या वाहनात अनेक नियंत्रक संगणक असतात व किल्ली बंद केल्यानंतरही त्यांपैकी काहींना जागे राहून काम आटोपावे लागते. हे नियंत्रक ‘कॅन’ या जोडणीने एकमेकांशी बोलतात. ऑटोसार या मानकातील पद्धतीनुसार ज्या नियंत्रकाला जाळ्याची गरज आहे, तो ठरावीक अंतराने ‘मी जागा आहे’ असा संदेश पाठवत राहतो. सर्वांचे संदेश थांबले व ठरलेला काळ उलटला, की सारे जाळे एकत्र झोपते. या रचनेचा अर्थ असा की एका नियंत्रकाची झोप बिघडली, तर तो त्या जाळ्यावरील इतरांनाही जागे ठेवतो.

मनोरंजन व मार्गदर्शन दाखवणाऱ्या पडद्यामागे अनेकदा लिनक्स किंवा अँड्रॉइड असते. संपूर्ण प्रणाली नव्याने सुरू होण्यास बराच वेळ लागत असल्याने ती बंद न करता स्मृतीनिद्रेत ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील नियमानुसार उलट गिअर टाकल्यापासून २ सेकंदांत मागचे दृश्य पडद्यावर यावे लागते. जागृतीत होणारा विलंब हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो, हे यावरून दिसून येते.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. ४५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असलेले वाहन उभे असताना ३० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ती रिकामी होण्यास गणिताने सुमारे ६२ दिवस लागतील. परंतु एखादी प्रणाली झोपलीच नाही व प्रवाह दीड अँपिअर राहिला, तर तीच बॅटरी ३० तासांत रिकामी होईल; इंजिन सुरू करण्याची ताकद तर त्याच्या बऱ्याच आधी संपेल. शनिवारी संध्याकाळी उभे केलेले वाहन सोमवारी सकाळी हलत नाही, यामागे असा दोष असू शकतो. कारखान्याच्या आवारात किंवा विक्रेत्याकडे आठवडेच्या आठवडे उभ्या असणाऱ्या नव्या वाहनांच्या बाबतीत हे नुकसान अनेक पटींनी वाढते.

संख्येचाही विचार करावा लागतो. १०,००० आवर्तनांत एकदा येणारा दोष प्रयोगशाळेत सहजी सापडत नाही. परंतु एका प्रकारची ५,००० वाहने रस्त्यावर असून प्रत्येक वाहन दिवसातून दोनदा झोपत-उठत असेल, तर तो दोष रोज सरासरी एका ग्राहकाला भेटतो.

वाहनातील दोषशोधन

वाहनात तपास विद्युतप्रवाहापासून सुरू होतो. वाहन कुलूपबंद करून जाळे झोपेपर्यंत, म्हणजे काही वाहनांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ थांबावे लागते व मगच प्रवाह मोजावा लागतो. एकेक फ्यूज काढून पाहण्याची जुनी रीत गॅरेजमध्ये प्रचलित आहे. मात्र फ्यूज काढल्याने वा पुन्हा लावल्याने झोपलेला नियंत्रक जागा होऊ शकतो व मूळ लक्षण हरवते. म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधील सूक्ष्म व्होल्टता मोजणे अधिक विश्वसनीय मानले जाते. दोषी शाखा कळल्यावर कॅन जाळ्यावरील संदेशांची नोंद घेऊन कोणता नियंत्रक बोलणे थांबवत नाही हे पाहिले जाते, आणि तो लिनक्सवर चालणारा असल्यास वर वर्णन केलेली कर्नेलची साधने वापरली जातात. वाहनातील अनेक प्रणालींमध्ये एक्स-८६ प्रकारचा प्रोसेसर नसल्याने ‘पीएम_ट्रेस’ची घड्याळाची युक्ती तेथे लागू पडत नाही. त्याऐवजी स्मृतीचा एक भाग राखून त्यात अखेरचे संदेश साठवण्याची ‘रॅमऊप्स’ ही सोय उपयोगी पडते. मात्र वीज पूर्ण तोडल्यास तीही रिकामी होते. म्हणून बॅटरीची तार काढण्याऐवजी प्रणाली केवळ रीसेट करणे श्रेयस्कर ठरते.

प्रतिबंधात्मक उपाय

ड्रायव्हर लिहितानाच काही नियम पाळल्यास बरेचसे दोष टळतात. झोपण्यापूर्वी चालू कामे पूर्ण किंवा रद्द करावीत. उपकरणाची वीज पूर्ण गेली असेल असे गृहीत धरून जागे होताना त्याच्या सर्व नोंदी नव्याने भराव्यात. ज्या घटकावर आपले उपकरण अवलंबून आहे, त्याची नोंद कर्नेलकडे स्पष्टपणे करावी. खरी गरज असल्याशिवाय झोप नाकारू नये, आणि जागे राहण्याचा हक्क घेतल्यास तो प्रत्येक वाटेने, चूक झाली तरीही, परत केला जाईल याची खातरजमा करावी. घेतलेला हक्क परत न करणे हे बॅटरी उतरण्याचे एक नेहमीचे कारण आहे; आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचे कोणतेही चिन्ह दिसत नसल्याने ते शोधून काढण्यास फार वेळ लागतो.